सॅल्मनला आच लागली आहे का? खारवलेल्या आणि धुरी दिलेल्या माशाची पहिली ओळख

दुकानातल्या थंड कपाटासमोर पहिल्यांदा उभं राहिलं की गोंधळ होतोच. सारख्याच केशरी रंगाची चार पाकिटं शेजारी शेजारी मांडलेली असतात. एकावर ‘स्मोक्ड सॅल्मन’, दुसऱ्यावर ‘हॉट स्मोक्ड’, तिसऱ्यावर ‘ग्राव्हलाक्स’, चौथ्यावर ‘लॉक्स’. चारही पाकिटांत एकाच जातीचा मासा असू शकतो, पण घरी आणल्यावर प्रत्येकाला हाताळायची रीत वेगळी. एक हाताने कुस्करून सॅलडवर टाकायचा, दुसरा कागदासारखा पातळ कापायचा. एक पुन्हा गरम केला तरी चालतो, दुसरा गरम केला की त्यातलं सगळं देखणेपण जातं.

हा गोंधळ सोडवायला मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: या माशाला आच लागली आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर मासा कच्चा आहे. मिठाने घट्ट झालेला, कदाचित धुराच्या वासाचा, पण कच्चा. उत्तर ‘हो’ असेल तर तो शिजलेला आहे. कापणं, वाढणं, टिकवणं आणि कोणाला वाढू नये हे ठरवणं, सगळं या एका उत्तरावरून सुटत जातं.

पाकीट ओळखा

ग्राव्हलाक्सला ना आच लागते ना धूर. मीठ, साखर आणि शेपू एवढ्यावरच तो तयार होतो. स्कँडिनेव्हियात ‘लाक्स’ म्हणजे सॅल्मन आणि ‘ग्राव’ म्हणजे पुरणं किंवा खड्डा. मध्ययुगात तिथले कोळी सॅल्मनला थोडंसं मीठ लावून किनाऱ्यावर, भरतीची रेषा जिथे संपते त्याच्या वर, वाळूत पुरून ठेवत. मीठ महाग होतं, म्हणून कमी मिठात मासा जमिनीखाली आंबवायचा. आजच्या ग्राव्हलाक्समध्ये आंबवणं राहिलेलं नाही. नाव मात्र त्या खड्ड्याचंच आहे.

लॉक्स हा शब्द पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या यिद्दिश भाषेतून न्यूयॉर्कमध्ये आला. काटेकोर अर्थाने लॉक्स म्हणजे सॅल्मनचा पोटाकडचा चरबीदार भाग, कडक मीठपाण्यात मुरवलेला, धूर अजिबात न दाखवलेला. १८६९ साली अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांना जोडणारी रेल्वे पूर्ण झाली आणि प्रशांत महासागराकडचा सॅल्मन मिठात भरलेल्या पिंपांमधून पूर्वेकडे येणं सोपं झालं. न्यूयॉर्कच्या ज्यू वस्त्यांमध्ये तो लोकप्रिय झाला. खरा ‘बेली लॉक्स’ आजही चांगलाच खारट असतो. हल्ली मात्र लोक सर्रास ज्याला लॉक्स म्हणतात तो बहुतेक वेळा ‘नोव्हा’ असतो, म्हणजे हलकं मीठ लावून थंड धुरी दिलेला सॅल्मन. हे नाव कॅनडातल्या नोव्हा स्कोशियावरून पडलं. खारटपणाची भीती वाटत असेल तर नोव्हा मागा.

नुसतं ‘स्मोक्ड सॅल्मन’ लिहिलेलं असेल आणि आत पातळ, चकचकीत, थोडे पारदर्शक काप दिसत असतील तर तो थंड धुरीचा. आधी मीठ, मग साधारण २० ते ३० अंश सेल्सिअसच्या धुरात कित्येक तास. एवढ्या तापमानाला मासा शिजत नाही. स्कॉटलंड, नॉर्वे आणि लंडनची ख्याती याच प्रकारासाठी आहे. लंडनच्या ईस्ट एंडमध्ये पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांनी अशी धुरीघरं उभी केली. तिथली एच. फोरमन अँड सन ही पेढी १९०५ पासून चालू आहे. ‘लंडन क्युअर’ या पद्धतीत ताजा मासा, मीठ आणि ओकच्या लाकडाचा सौम्य धूर एवढंच असतं, आणि २०१७ मध्ये या नावाला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालं. चांगल्या थंड धुरीच्या सॅल्मनमध्ये आधी माशाची चव लागते आणि धूर मागाहून जाणवतो. तोंडात घालताच फक्त धूर आला तर पाकिटाची मागची बाजू वाचा. घटकांच्या यादीत ‘स्मोक फ्लेवर’ सापडण्याची शक्यता बरीच असते.

‘हॉट स्मोक्ड’ किंवा अमेरिकेत ‘किपर्ड’ लिहिलेला सॅल्मन जाड तुकड्यात येतो, फिकट गुलाबी आणि अपारदर्शक. बोटाने दाबला की पाकळ्या सुटतात. याला आच लागलेली आहे.

पहिला प्रयोग: घरी ग्राव्हलाक्स

नवख्या माणसाने सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. धुरीचं पात्र लागत नाही, चूल लागत नाही. लागतो तो वजनकाटा, फ्रिज आणि दोन दिवसांचा धीर.

पण मासा निवडताना एक गोष्ट अजिबात टाळू नका. समुद्रातल्या सॅल्मनमध्ये अॅनिसाकिस नावाचे जंत असू शकतात, आणि ग्राव्हलाक्सचं मीठ किंवा थंड धूर त्यांना मारत नाही. गोठवणं मारतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा नियम उणे २० अंश किंवा त्याखाली ७ दिवस असा आहे. घरातले बरेच फ्रीझर उणे १८ अंशांवर चालतात, म्हणून घरच्या गोठवण्यावर विसंबू नये. विक्रेत्याला सरळ विचारा, हा मासा कच्चा खाण्याच्या हिशेबाने गोठवलेला आहे का? तसा गोठवलेला मासा मिळाला की हा प्रश्न मिटतो. मत्स्यशेतीतला अटलांटिक सॅल्मन कोरड्या खाद्यावर वाढतो, त्यामुळे त्यात या जंतांचा धोका फारच कमी असतो. जंगली सॅल्मन मात्र गोठवल्याशिवाय वापरायचाच नाही.

मधल्या भागाचा, कातडीसकट, साधारण १ किलोचा तुकडा घ्या. बोट डोक्याकडून शेपटीकडे फिरवलं की मधोमध बारीक काटे टोचतील. चिमट्याने ते ज्या दिशेला झुकले आहेत त्याच दिशेला ओढा. उलटं ओढलं तर मांस फाटतं.

आता मिश्रण. भरड मीठ ७० ग्रॅम, साखर ५० ग्रॅम, चमचाभर भरड कुटलेली पांढरी मिरी आणि शेपूची भरघोस जुडी, देठांसकट चिरलेली. मीठ आयोडीन नसलेलं मिळालं तर उत्तम. ते वाटीने मापू नका. बारीक मीठ वाटीत दाबून बसतं, पापडीदार मीठ पोकळ राहतं, आणि त्याच वाटीत जवळपास दुप्पट वजनाचा फरक पडू शकतो. पाककृती बिघडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

तुकडा मधून आडवा कापून दोन सारखे भाग करा. दोघांच्या मांसाच्या बाजूला मिश्रण चोळा, एकावर शेपू पसरा आणि दुसरा त्यावर उपडा ठेवा, मांसाला मांस लागेल असा. एकाचा जाड भाग दुसऱ्याच्या पातळ भागावर आला पाहिजे. घट्ट गुंडाळून खोलगट ताटात ठेवा, वर किलोभर वजन ठेवा आणि फ्रिजमध्ये सरकवा. दर १२ तासांनी उलटा. ४८ तासांत काम होतं.

दुसऱ्या दिवशी ताटात पाणी साचलेलं दिसेल, ते पाहून घाबरू नका. मिठाने माशातलं पाणी बाहेर ओढलं आणि साखर-मीठ त्यात विरघळून पाकासारखं दाट झालं. तेच आता माशाला मुरवतंय, म्हणून ओतून देऊ नका. गुंडाळी उघडाल तेव्हा शेपू काळपट हिरवा पडलेला असेल. मांसाचा रंग फिकट केशरीवरून गडद, काचेसारखा झालेला असेल. बोटाने दाबून बघा. कच्चा मासा गालासारखा मऊ लागतो. तयार झालेला तळहाताच्या अंगठ्याखालच्या उंचवट्यासारखा लागतो, घट्ट पण लवचीक.

माझ्या पहिल्या ग्राव्हलाक्सचा मधला भाग सुरेख झाला होता आणि शेपटीकडचा जिभेवर ठेववत नव्हता. दोन्हीला मीठ सारखंच लावलेलं होतं. चूक जाडीत होती. शेपटीजवळ मासा निम्मा पातळ होतो, तिथे मीठ दोन्ही बाजूंनी लवकर पोहोचतं आणि मग वाढतच राहतं. तेव्हापासून शेपटीचा तुकडा मी वेगळा मुरवते आणि एका दिवसात काढते. काही कारणाने जास्तच खारट झाला असेल तर थंड पाण्यात अर्धा तास ठेवून पुसून घ्या, बराचसा सुधारतो.

मुरल्यावर मिश्रण खरवडून काढा, कागदी रुमालाने कोरडा पुसा आणि वर ताजा शेपू बारीक चिरून थापा. जुना शेपू टाकून द्यायचा, त्याचं काम झालं.

धुरी

थंड धुरी घरी करण्याची घाई करू नका. ती करणारे हौशी लोक आहेत, पण मासा तासन् तास अशा तापमानात राहतो की जिथे जिवाणूंनाही आवडतं. मिठाचं प्रमाण, हवेतला ओलावा, बाहेरची थंडी, सगळं जुळून यावं लागतं. पहिली एकदोन वर्षं हा प्रकार चांगल्या धुरीघराकडून विकत घेऊन खाणंच शहाणपणाचं.

गरम धुरी मात्र झाकणाच्या बार्बेक्यूवरही जमते. १ लिटर पाण्यात ८० ग्रॅम मीठ आणि ५० ग्रॅम ब्राऊन शुगर विरघळवा. ३ सेंटिमीटर जाडीचे तुकडे त्यात फ्रिजमध्ये ६ तास बुडवा, मग धुऊन पुसा. यापुढची पायरी बहुतेक नवखे गाळतात: तुकडे जाळीवर, न झाकता, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचे. सकाळी पृष्ठभागावर बोट टेकवलं तर ओलं लागणार नाही, किंचित चिकट लागेल, वर तकतकीत पापुद्रा धरलेला असेल. धूर या पापुद्र्यालाच धरतो. ओल्या माशावर धूर बसला की तो डागाळतो आणि कडवट होतो.

लाकूड आल्डर, ओक, बीच किंवा सफरचंदाचं. पाइनसारखं राळ असलेलं लाकूड वापरू नका, काजळी आणि औषधी वास माशाला लागतो. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी शतकानुशतकं आल्डरवर सॅल्मन धुरवत आले आहेत, आणि अलास्कातल्या सॉकआय सॅल्मनला तो गोडसर धूर शोभतो.

आच हळूहळू वाढवा. धुराचं तापमान सुरुवातीला ६०-६५ अंश, शेवटी ८० च्या आसपास. घाई केली की माशातून पांढरी साय बाहेर येते. ती माशातलीच प्रथिनं, खायला निर्धोक, पण आतला रस गेल्याची खूण. सर्वांत जाड जागी थर्मामीटर खुपसून ६३ अंश दिसले की मासा शिजला. दोन-तीन तास लागतात. शेवटच्या अर्ध्या तासात मेपल सिरपचा ब्रश फिरवला की चकाकी येते.

कापणं

थंड धुरीचा सॅल्मन आणि ग्राव्हलाक्स कापण्यात निम्मी चव आहे. मी अतिशयोक्ती करत नाही. जाड काप चावावा लागतो आणि खारट लागतो, तोच मासा पातळ कापला की जिभेवर वितळतो.

अखंड तुकडा असेल तर आधी २० ते ३० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. गोठवायचा नाही, फक्त टणक करायचा. सुरी लांब, अरुंद आणि लवचीक हवी. कातडी खाली, शेपटी तुमच्या सुरीच्या हाताकडे. शेपटीपासून थोडं आत सुरू करा आणि सुरी जवळपास आडवी धरून शेपटीच्या दिशेने लांब, सावकाश ओढा. दाबायचं नाही, करवतीसारखं घासायचंही नाही. सुरीचं पातं कापाखालून दिसलं पाहिजे, इतका पातळ. पहिला काप छोटा निघेल, मग प्रत्येक कापाला सुरी थोडी मागे न्यायची आणि ते मोठे होत जातील. कातडीपाशी पोहोचलात की सुरी तिला समांतर वळवा आणि काप सोडवा. कातडी पाटावरच राहते.

कातडीला लागून तपकिरी रंगाची पट्टी दिसेल. ती खराब नसते, पण तिला तेलकट, उग्र चव असते. मी ती काढते. ग्राव्हलाक्स काहीजण थोडा जाड, उभ्या सुरीने कापतात आणि तसाही तो छान लागतो. थंड धुरीच्या माशाला मात्र ही सूट नाही.

गरम धुरीच्या माशाला सुरीच लावू नका. बोटांनी मोठ्या पाकळ्या सोडवा.

वाढणं

फ्रिजमधून काढून लगेच वाढलेल्या सॅल्मनला चव नसते. चरबी थंडीने आळलेली असते. काप पसरून १५ मिनिटं बाहेर ठेवले की तेलाची मंद चमक येते, तेव्हा वाढा. सुरुवातीच्या पदार्थाला माणशी ५० ते ६० ग्रॅम पुरतात.

स्वीडनमध्ये ग्राव्हलाक्सबरोबर ‘होवमेस्तारसोस’ येतो, मोहरी आणि शेपूचा गोडसर सॉस. दोन मोठे चमचे गोड मोहरीची पेस्ट, एक छोटा चमचा झणझणीत मोहरी, एक मोठा चमचा साखर आणि तेवढाच पांढरा व्हिनेगर एकत्र फेटा. मग वास नसलेलं तेल, साधारण १०० मिलिलिटर, आधी थेंब थेंब आणि पुढे बारीक धारेने घालत फेटत राहा. मेयोनेझसारखं दाटलं की भरपूर शेपू. तेल एकदम ओतलं तर सॉस फुटतो. तसं झालं तर दुसऱ्या भांड्यात चमचाभर मोहरी घेऊन फुटलेला सॉस त्यात हळूहळू फेटत घाला, पुन्हा जुळून येतो. सोबत कुरकुरीत राय ब्रेड किंवा उकडलेले नवे बटाटे. ख्रिसमसच्या ‘युलबूर्द’ मेजवानीत हे ताट असतंच.

लंडनची रीत सगळ्यात साधी, आणि थंड धुरीच्या उत्तम माशाला मला तीच सर्वाधिक आवडते. ब्राऊन ब्रेडला लोणी, वर काप, ताजी मिरी, बाजूला लिंबाची फोड. लिंबू ज्याने त्याने खाताना पिळावं. आधीच पिळून ठेवलं तर आंबटपणाने मासा वरून पांढुरका पडतो आणि रबरी लागतो.

न्यूयॉर्कमध्ये बेगल, म्हणजे मधे भोक असलेला गोल ब्रेड. चिरून आतल्या बाजूला क्रीम चीज जाड लावायचं, वर सॅल्मन, लाल कांद्याच्या पातळ चकत्या, टोमॅटो, केपर्स म्हणजे खारवलेल्या छोट्या कळ्या. लोअर ईस्ट साइडवरचं रस अँड डॉटर्स हे दुकान १९१४ पासून अशा माशांसाठी ओळखलं जातं. क्रीम चीज इथे उगीच नाही. खारट लॉक्सचं मीठ ते पोटात घेतं. म्हणून मासा सौम्य असेल तर चीज कमी करा, नाहीतर मासा हरवतो. केपर्सही खारट असतात, चार-पाच पुरेत.

रशियन ब्लिनी, म्हणजे छोटे आंबवलेले पॅनकेक, त्यांवर आंबट साय आणि सॅल्मन. नॉर्वेत अंड्याच्या भुर्जीसारख्या मऊ ‘एगेररे’बरोबर खातात. या शेवटच्या ताटात नवखे चुकतात: सॅल्मन अंड्यातच परततात. थंड धुरीच्या माशाला तव्याचा चटका लागला की तो फिकट पडतो, मीठ उफाळून येतं आणि पोत भुसभुशीत होतो. अंडी ताटात आली की शेजारी किंवा वर काप ठेवा. पास्त्यातही आच बंद केल्यावर शेवटी. गरमच खायचा असेल तर गरम धुरीचा घ्या. तो बटाट्यांत, सूपमध्ये, क्रीममध्ये बिनधास्त घाला.

टिकवणं आणि कोणाला वाढू नये

धूर आणि मीठ यांमुळे मासा वाटेल तितका टिकतो हा गैरसमज आहे. पूर्वीचा मासा टिके कारण तो प्रचंड खारट आणि कोरडा असे. आजचा हलक्या मिठाचा मासा फ्रिजमध्येच राहायला हवा, तोही ४ अंशांच्या खाली. पाकीट उघडलं की दोन-तीन दिवसांत संपवा, घरचा ग्राव्हलाक्स चार दिवसांत. लिस्टेरिया हा जिवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढतो. त्यामुळे गर्भवती, फार वयस्कर आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसांना थंड धुरीचा सॅल्मन किंवा ग्राव्हलाक्स तसाच वाढू नये. त्यांच्यासाठी मासा वाफा येईपर्यंत पूर्ण गरम करा, पोत बिघडला तरी चालेल. पाहुण्यांना वाढण्याआधी हे विचारायला संकोच करू नका.

हवाबंद पाकिटातला गोठवलेला मासा वितळवताना आधी पाकीट कापून उघडा आणि फ्रिजमध्येच वितळू द्या. बॉट्युलिझमचं विष तयार करणाऱ्या जिवाणूला प्राणवायू नसलेली जागा लागते, आणि माशात आढळणारा त्याचा एक प्रकार ४ अंशांच्या खालीही वाढू शकतो.

कापताना उरलेले वेडेवाकडे तुकडे टाकू नका. बारीक चिरून क्रीम चीज, लिंबाची साल आणि शेपूबरोबर कालवा, ब्रेडवर लावायला दोन दिवस पुरतं. ग्राव्हलाक्सची कातडीही ठेवा. खवले काढलेले असले तर बोटभर रुंद पट्ट्या कापून कोरड्या तव्यावर मंद आचेवर दाबून भाजा. तिच्यातलंच तेल सुटतं आणि पाच-सहा मिनिटांत ती कुरकुरीत होते. मीठ वरून घालायचं नाही, ते आधीच मुरलेलं असतं.